स्वमग्न म्हणजे नेमका कशात मग्न?

द्वारकेहून बोलतोय. गुजरातेतली नव्हे, दिल्लीतली द्वारका. विमानतळ आमच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे बोलता बोलता डोक्यावरून विमान गेलं तर सांभाळून घ्या. मला स्वतःला आता ती विमानं ऐकूच येत नाहीत. इथे राहायला आलो तेव्हा पहिला महिनाभर प्रत्येक विमानाला मान वर व्हायची, मग कान सरावले. आजचा विषय या 'कान सरावले'पासूनच सुरू होतो, कारण काही माणसांचे कान सरावत नाहीत.

आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर मूळचं नागपूरकडचं एक कुटुंब आहे. त्यांचा मुलगा आज सव्वीस वर्षांचा आहे. त्याचं नाव सांगणार नाही, त्याला ते आवडणार नाही. सहा वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये आमची पहिली भेट झाली. मी सवयीप्रमाणे खड्या आवाजात "गुड मॉर्निंग, यंग मॅन" म्हणालो. त्याने दोन्ही कानांत बोटं घातली, तोंड भिंतीकडे केलं आणि तळमजला येईपर्यंत तसाच उभा राहिला. मला राग आला. फौजेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सलामाचं उत्तर न मिळणं झेपत नाही. त्याच संध्याकाळी मी त्याच्या आईला गाठलं आणि वर उपदेश केला की, मुलाला जरा शिस्त लावा, हवं तर चार महिने माझ्याकडे पाठवा.

ती बाई चिडली नाही. म्हणाली, "दादा, शिस्त त्याला तुमच्यापेक्षा जास्त आहे. तो ऑटिस्टिक आहे. सकाळी सहा दहाला उठतो, सहा चाळीसला दूध घेतो, सात पाचला चित्र काढायला बसतो. सात सहा झाले तर आमच्या घरात काय होतं ते तुम्ही बघितलेलं नाही."

मला लाज वाटली. मग मी वाचायला लागलो, आणि जे वाचलं, जे त्या मुलाकडून कळलं, ते आज सांगतोय. मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्राचा माणूसही नाही. शेजारी आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आधी शब्दाबद्दल. ऑटिझमला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुंदर आहे, भाषांतर म्हणून चोखही आहे. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला आणि तोच शब्द या मुलांना लावला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी जवळपास तशाच मुलांबद्दल लिहिलं. म्हणजे हा शब्द खिडकीबाहेर उभं राहून आत बघणाऱ्याने दिलेला आहे. बाहेरून दिसतं की मूल बोलत नाही, नजर देत नाही, आपल्याच नादात आहे, म्हणून ते 'स्वतःत मग्न'. आतल्याला काय वाटतं हे विचारायची सोय तेव्हा नव्हती, आणि कुणाला विचारावंसं वाटलंही नाही.

आतून बातमी यायला चाळीसेक वर्षं लागली. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांचं पहिलं आत्मकथन 1986चं. ऑस्ट्रेलियाच्या डॉना विल्यम्स यांचं 1992चं. डॉना चित्रकारही होत्या आणि शिल्पकारही. आपल्याकडचं सर्वांत ठळक नाव तीतो राजर्षी मुखोपाध्याय यांचं. त्यांच्यावर जरा थांबतो.

तीतोंचा जन्म 1989चा. बंगाली कुटुंब, बालपणाचा बराच काळ कर्नाटकात गेला. बोलणं जवळजवळ नाहीच, अंग सतत हलतं, हात फडफडतात, आणि निदान तीव्र ऑटिझमचं. आई सोमा यांनी हार मानली नाही. अक्षरांचा तक्ता समोर धरून बोट ठेवायला शिकवलं, मग पेन्सिल बोटांत टिकत नव्हती म्हणून ती रबरबँडने हाताला बांधली आणि लिहायला शिकवलं. आठ ते अकरा या वयात तीतोंनी जे लिहिलं ते 2000 साली ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने 'बियॉन्ड द सायलेन्स' या नावाने पुस्तक म्हणून काढलं. अमेरिकेत तेच पुढे 'द माइंड ट्री' या नावाने आलं. त्यांच्यावर बीबीसीने माहितीपटही केला. नंतर मायलेक अमेरिकेत गेले आणि तीतो कवी, लेखक म्हणून वाढत राहिले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ऐकणाऱ्यांत पालक असतील. सोमा यांनी पुढे आपल्या पद्धतीचा प्रसार केला. समोर धरलेल्या तक्त्यावर मूल बोट ठेवतं तेव्हा शब्द मुलाचे की धरणाऱ्याचे, ही शंका तज्ज्ञांनी घेतली आणि अमेरिकेच्या वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने 2018 साली ती पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. तीतोंची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते आपल्या हाताने लिहितात, टंकतात, हात दुसरं कुणी धरत नाही. पण एकाला जमलं म्हणून तीच पद्धत आपल्या मुलाला लागू पडेल, असं धरून पैसे ओतू नका.

तर तीतो काय सांगतात? त्यांच्यात दोन माणसं राहतात. एक विचार करणारा, तो भाषेने आणि कल्पनांनी भरलेला आहे. दुसरा कृती करणारा, तो विचित्र वागतो आणि पहिल्याचं ऐकत नाही. लोकांना फक्त दुसरा दिसतो. आपलं शरीर तुकड्यातुकड्यांत विखुरल्यासारखं वाटतं, म्हणून लहानपणी ते पंख्यासारखे गोल फिरत, हात हलवत, म्हणजे तुकडे गोळा झाल्यासारखं वाटे. ऐकणं आणि बघणं त्यांना एका वेळी जमत नाही. तुमचं बोलणं नीट ऐकायचं असेल तर तुमच्याकडे बघणं सोडावं लागतं.

हे वाचलं आणि मला आमची लिफ्ट आठवली. मी ज्याला उद्धटपणा समजलो, तो त्या मुलाच्या बाजूने कदाचित बचाव होता. लिफ्टमधला पंखा, दिव्याची घरघर, दोरांचा आवाज, त्यात माझी परेडवरची हाक.

आता जरा समजावून सांगतो, माझ्या पद्धतीने. नवा जवान सीमेवरच्या चौकीत पहिल्यांदा रात्रीच्या पहाऱ्याला उभा राहतो, तेव्हा त्याला सगळं ऐकू येतं. पान पडलं, उंदीर धावला, शेजाऱ्याने कूस बदलली. प्रत्येक आवाजाला हात बंदुकीकडे जातो. सकाळपर्यंत तो पिळून निघालेला असतो. तीन आठवड्यांत त्याचा मेंदू शिकतो की कुठला आवाज सोडून द्यायचा. सोडून देणं ही मेंदूची फार मोठी कामगिरी आहे आणि आपल्याला तिची जाणीवही नसते. अनेक ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत हे सोडून देणं नीट होत नाही. त्यांची पहिली रात्र संपतच नाही. काहींचं उलटं असतं, त्यांना संवेदना कमी पोहोचतात, म्हणून ती माणसं जोरात दाबून घेतात, गोल फिरतात, उड्या मारतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे हा संवेदनांचा मुद्दा ऑटिझमच्या निकषांत अधिकृतपणे आला. कॅनरनंतर 70 वर्षांनी.

मग सांगा, हा माणूस 'स्वतःत मग्न' कसा? तो तर जगाने काठोकाठ भरलेला आहे. दार लावून घेतो ते आत गर्दी मावत नाही म्हणून.

आता कलेकडे येतो. लंडनचे स्टीफन विल्टशायर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म 1974. लहानपणी बोलत नसत. शाळेतल्या शिक्षकांनी चित्रकलेचं साहित्य थोडा वेळ काढून घेतलं, मागावं लागावं म्हणून, आणि त्यांचा पहिला शब्द आला तो 'पेपर'. पुढे 2005 साली हेलिकॉप्टरमधून टोकियोवर एक छोटी फेरी मारून त्यांनी ते शहर 10 मीटर लांबीच्या कागदावर आठवणीतून उतरवलं. लोक म्हणतात, काय स्मरणशक्ती! मला वाटतं, त्याआधी एक पायरी आहे. आपण शहराकडे बघतो तेव्हा डोळ्यांनी आलेल्यातलं बहुतेक टाकून देतो आणि 'एक उंच इमारत' एवढंच ठेवतो. ज्याच्याकडून टाकलं जात नाही, त्याच्याकडे सगळ्या खिडक्या उरतात. बाजारात जी गोष्ट छळते, तीच कागदावर कामाला येते. हा माझा अंदाज आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

पण विल्टशायर यांच्या गोष्टीने एक घोटाळाही होतो. 1988 साली 'रेन मॅन' सिनेमा आला आणि तेव्हापासून लोकांना वाटतं की प्रत्येक ऑटिस्टिक माणसाकडे एक जादू असते. अशी असामान्य क्षमता फार थोड्यांकडे असते. आमच्या नवव्या मजल्यावरच्या ताईंना नातेवाईक हमखास विचारतात, "मग याचं स्पेशल काय आहे?" म्हणजे जणू अपंगत्वाची भरपाई म्हणून काहीतरी मिळालेलं असलंच पाहिजे. मुलगा चित्रं काढतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं, मग चित्रं बघतात आणि गप्प होतात.

कारण चित्रं खांबांची आहेत. आमच्याकडून मेट्रोची ब्लू लाइन जाते, उंच पुलावरून, आणि खाली खांबांना नंबर आहेत. दिल्लीत पत्ता सांगतात तोही तसाच, अमुक पिलर नंबरसमोर या. हा मुलगा गेली अनेक वर्षं ते खांब काढतो आहे. एका चित्रात एक खांब. काँक्रीटवरचे पाण्याचे ओघळ, फाटलेली जाहिरात, तळाशी कुणी टाकलेली चहाची कुल्हडं, सगळं. माणूस एकही नाही.

तो थोडं बोलतो, त्यापेक्षा मोबाइलवर जास्त लिहितो. मी एकदा विचारलं, "खांबच का?" दोन दिवसांनी उत्तर आलं. "अंकल, खांब हलत नाहीत. मी परत गेलो तर ते तिथेच असतात." मी विचारलं, "मग रोज तेच काढून कंटाळा येत नाही का?" यावर उत्तर लगेच आलं. "तेच नसतं. तुम्ही बघत नाही."

मंडळी, हे उत्तर मला लागलं. मी त्या खांबांखालून दहा वर्षं जातोय.

आणखी एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीला नवा रंग लागला. पिवळट होती ती राखाडी झाली. कमिटीच्या बैठकीत मीही हात वर केला होता. राखाडीवर धूळ दिसत नाही, या एवढ्याशा कारणासाठी. रंग लागला त्या आठवड्यात तो मुलगा चार दिवस घराबाहेर पडला नाही, जेवला नाही, त्याच्या आईच्या दंडावर मी ओरखडे पाहिले. पाचव्या दिवशी त्याने चित्र काढलं, आमची इमारत, जुन्या पिवळ्या रंगात. मग दुसरं, तिसरं. पाऊणशे तरी झाली असतील. हळूहळू एका कोपऱ्यातून राखाडी शिरायला लागला. पहिल्यांदा जिन्याची एक खिडकी, मग एक मजला. शेवटच्या चित्रात पूर्ण इमारत राखाडी होती. त्यानंतर त्याने तो विषय सोडला आणि खांबांकडे परत गेला. आपल्यासारख्याला जे एका 'हं, रंग बदलला'मध्ये संपतं, ते त्याला पाऊणशे चित्रांतून पार करावं लागलं. ती चित्रं फार सुंदर आहेत, हे मी म्हणतो. तो तसं म्हणत नाही. त्याच्या लेखी ते काम होतं.

म्हणूनच कला आणि रोजचं जगणं या दोन गोष्टी त्याच्याकडे वेगळ्या काढता येत नाहीत. सात पाचची वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेली 2बी पेन्सिल, बंद खिडकी, कुकर लावायचा तो साडेनऊनंतर. हे सांभाळलं तर चित्र होतं. आम्हा फौजींना खरं तर हे कळायला हवं होतं. आम्ही आयुष्यभर ठरलेल्या मिनिटाला उठलो, चादरीच्या घड्या मोजून घातल्या, बुटांची टोकं एका रेषेत ठेवली, आणि त्याबद्दल आम्हाला पदकं मिळाली. कुणी निदान केलं नाही.

असंच जगणं अमेरिकेत जेसिका पार्क यांचं आहे. त्यांचा जन्म 1958चा. आई क्लारा यांनी 1967 साली 'द सीज' हे पुस्तक लिहिलं, पालकाने लिहिलेल्या या विषयावरच्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकांतलं ते एक. जेसिका यांनी वर्षानुवर्षं विल्यम्स कॉलेजच्या टपालखोलीत नोकरी केली आणि घरी इमारतींची चित्रं काढली, झगझगीत, अनपेक्षित रंगांत. नोकरीही, चित्रही. मला जेसिका पार्क यांची गोष्ट विल्टशायर यांच्यापेक्षा जास्त उपयोगाची वाटते. रोज सकाळी जायला एक जागा आणि आल्यावर बसायला एक टेबल, एवढं बऱ्याच जणांना देता येईल.

ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 साली त्यांनी एक साधा मुद्दा मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचं मन कुठे कळतं? दरी दोन्ही काठांना आहे. मी माझ्या काठावरून काय केलं? लिफ्टमध्ये तो असला तर बोलत नाही, नुसता हात छातीपर्यंत वर करतो. परफ्यूम सोडला. त्याला काही विचारायचं असेल तर लिहून पाठवतो आणि उत्तराची घाई करत नाही. त्याच्याकडे रोखून बघत नाही. झालं. चार महिन्यांची परेड माझीच झाली म्हणायची.

आता थोडं रुक्ष, पण गरजेचं. आईवडिलांचा खरा प्रश्न कलेचा नसतोच, तो 'आमच्यानंतर काय' हा असतो. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. 1999च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला आणि 2016च्या कायद्याने 21 प्रकारांत त्याला जागा दिली. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत पालक आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्याच ट्रस्टची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आणि माझ्या फौजी बंधूंना खास सांगतो, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपंग अपत्याला नियमांत बसत असेल तर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण त्याचं नाव आपण जिवंत असताना पेन्शनच्या कागदांत चढवून घ्या. मागे राहिलेल्या आईने एकटीने कचेऱ्यांचे जिने चढावेत अशी वेळ आणू नका. छावण्यांतल्या आशा शाळा तुम्हाला माहीतच आहेत, 'आवा' ही संघटना त्या चालवते.

दिल्लीत मार्गदर्शन हवं असेल तर जसोल्याला 'ॲक्शन फॉर ऑटिझम' आहे. मेरी बरुआ या एका आईने 1991 साली ती सुरू केली. द्वारकेहून ब्लू लाइनने जनकपुरी पश्चिम, तिथून मजेंटा लाइन. छत्रपती संभाजीनगरला अंबिका टाकळकर यांचं 'आरंभ' आहे. त्यांनीही स्वतःच्या मुलापासूनच सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी असंच आहे, सरकार नंतर आलं, आया आधी आल्या.

शेवटी मागच्या दिवाळीतलं सांगतो. सोसायटीच्या मेळाव्यात त्याच्या खांबांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन लावावं असं मी सुचवलं. त्याला लिहून विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, "चित्रं येतील. मी नाही." संध्याकाळी माइक, गाणी, फटाके असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आदल्या रात्री मी आणि गार्डने मिळून खालच्या हॉलमध्ये 22 चित्रं टांगली, लेव्हल लावून, ओळीत, अगदी गार्ड ऑफ ऑनरसारखी.

सकाळी माझा फिरायचा वेळ. हॉलचा दिवा लागलेला दिसला. आत तो एकटाच, कानांवर हेडफोन. शेवटापासून सुरुवातीकडे एकेका चित्रासमोर थांबत येत होता. मी दारात उभा राहिलो. एका जागी तो थबकला, दोन चित्रं खाली उतरवली आणि त्यांची अदलाबदल करून परत टांगली. मी खांबांचा क्रम चुकवला होता. मग त्याने माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघितलं, हात छातीपर्यंत वर केला, आणि लिफ्टकडे गेला. घड्याळात सहा चौतीस झाले होते. दुधाला अजून सहा मिनिटं होती.